धान्याच्या कोठाराचे अदृश्य भागीदार
कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातून घ्यावयाचा एक धडा

काटकसर म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे खर्चाची वही येते. मात्र ज्या घरात वर्षभराचे धान्य भरून ठेवले जाते, तेथे एक खर्च असा असतो की ज्याची नोंद कोणत्याही वहीत सापडत नाही. तो उंदरांचा. पूर्ण वाढ झालेला एक मोठा उंदीर दिवसाकाठी सुमारे वीस ग्रॅम धान्य खातो, असे धरू या. वर्षाला हा हिशेब सात किलोंच्या पुढे जातो; दहा उंदरांचा पाऊण क्विंटलच्या जवळ पोहोचतो. पोती कुरतडल्यामुळे जे सांडते आणि लेंड्या व मूत्र यांमुळे जे खाण्यास अयोग्य ठरते, ते याहून वेगळे. म्हणूनच उंदीर हा केवळ उपद्रव नसून आपल्या बचतीतील न विचारता झालेला भागीदार आहे, असे म्हणणे वावगे ठरू नये.

या भागीदाराशी पिढ्यान्‌पिढ्या सामना करीत आलेला प्रदेश म्हणजे तमिळनाडूतील तंजावर आणि त्याभोवतालची कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील गावे. मराठी वाचकाला तंजावर परके नाही. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तेथे भोसले घराण्याची सत्ता स्थापन केली. ती १८५५ पर्यंत टिकली. सरफोजीराजांनी (दुसरे) समृद्ध केलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयातील मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागदपत्रे आजही अभ्यासकांना तिकडे खेचून नेतात. हे सारे वैभव ज्या भातावर उभे राहिले, त्या भाताची राखण तेथील शेतकरी कशी करतो, हे जाणून घेणे आपल्यालाही उपयोगाचे आहे.

भाताचा प्रदेश आणि उंदरांचे वेळापत्रक

मेट्टूर धरणाचे पाणी प्रथेप्रमाणे १२ जूनला सोडले जाते आणि त्रिभुज प्रदेशातील शेतीचे चक्र फिरू लागते. प्रथम अल्प मुदतीचे ‘कुरुवै’ पीक, नंतर दीर्घ मुदतीचे ‘सांबा’ आणि कुरुवैच्या मागोमाग घेतले जाणारे ‘ताळडी’ अशी येथील भाताची मांडणी आहे. एका शेतात कापणी, तर शेजारच्या शेतात लावणी, असे दृश्य येथे नेहमीचे. माणसाच्या दृष्टीने ही समृद्धी. उंदराच्या दृष्टीने मात्र ही जवळजवळ अखंड पंगत होय.

ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस येतो. बिळांत पाणी शिरले की उंदीर उंच बांधांकडे आणि वस्तीकडे सरकतात. पुढे पोंगलच्या सुमारास, म्हणजे जानेवारीच्या मध्यापासून, सांबाची कापणी होऊन शेते मोकळी होतात आणि धान्य घरात येते. अन्न जिकडे, उंदीर तिकडे. त्यामुळे घराची डागडुजी करण्याची खरी वेळ ही धान्य घरात येण्यापूर्वीची असते, नंतरची नव्हे. महाराष्ट्रातही पावसाळा सुरू होताना आणि सुगी संपताना हाच अनुभव येतो.

शत्रूची ओळख

सर्व उंदीर एकसारखे नसतात आणि उपायही एकच नसतो. घरातील लहान उंदीर चणीने इतका बारीक असतो की पेन्सिल जाईल एवढी फट त्याला पुरते. त्याची लेंडी तांदळाच्या दाण्याएवढी असते. तो जिज्ञासू असल्यामुळे नव्या वस्तूजवळ लगेच येतो. घरातील मोठा उंदीर उत्तम चढणारा. आढे, कौले, नारळाचे शेंडे ही त्याची ठिकाणे. तो मात्र संशयी असून नव्या वस्तूला काही दिवस शिवत नाही.

शेतातील मुख्य शत्रू म्हणजे घूस. तमिळमध्ये मोठ्या घुशीला ‘पेरुच्चाळी’ म्हणतात. लहान जातीची घूस बांधात लांबलचक बिळे खणते आणि भाताच्या लोंब्या तोडून आत साठवून ठेवते. आपल्याकडे ‘डोंगर पोखरून उंदीर काढला’ असे म्हणण्याची रीत आहे. येथे उंदीरच बांध पोखरून पाणी आणि पीक दोन्ही बाहेर काढतो. चिचुंद्री मात्र उंदरासारखी दिसली तरी मुख्यतः किडे खाणारी आहे; धान्याच्या नासाडीचा आळ तिच्यावर घेऊ नये.

लहान उंदराची मादी सुमारे तीन आठवड्यांत विते, एका वेतात सर्वसाधारणपणे पाच-सहा पिले देते आणि ती पिले दीड-दोन महिन्यांत स्वतः प्रजननक्षम होतात. चक्रवाढ व्याजाचे गणित बँकेच्या ग्राहकांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. एक जोडी दुर्लक्षिली तर काय होते, हे त्यावरून सहज ध्यानी यावे.

जुन्या कोठारांतील शहाणपण

तंजावर जिल्ह्यातील पापनाशमजवळ तिरुप्पालैतुरै येथील शिवमंदिरानजीक नायककालीन विटांचे भव्य वर्तुळाकार कोठार उभे आहे. सतराव्या शतकातील ही वास्तू तीन हजार कलम भात साठविण्याच्या क्षमतेची होती, असे सांगितले जाते. आज ते संरक्षित स्मारक आहे. श्रीरंगम येथील मंदिराच्या आवारातही अशीच उंच, गोल कोठारे आहेत. जाड गुळगुळीत भिंती, कोपरा नाही, उघडी जागा अगदी थोडी आणि धान्य काढण्याची वाट ठरलेली, हे या बांधणीचे गुण कोणालाही पाहताक्षणी कळतात. उंदराला चढण्यास आधार नाही, लपण्यास सांदी नाही.

सामान्य शेतकऱ्याच्या घरी हेच तत्त्व लहान प्रमाणात दिसे. मातीची कडी एकावर एक रचून, सांधे लिंपून केलेले ‘कुदिर’ आणि जाड फळ्यांची ‘पत्तायम’ ही पेटी, ही तेथील साठवणीची जुनी साधने. कुदिराला वरून झाकण आणि खाली धान्य काढण्याचे लहानसे तोंड असते. आपल्याकडील कणगी, बळद आणि पेव यांची आठवण करून देणारी ही साधने. मात्र माती आणि लाकूड यांना एक मर्यादा आहे. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि त्यामुळे कुरतडणे ही त्याची गरजच असते. लिंपण ढासळले किंवा फळीला फट पडली की दार उघडलेच म्हणून समजावे. जुन्या घरांत वर्षातून एकदा कोठी रिकामी करून लिंपण्याचा प्रघात होता, त्यामागचे कारण हेच.

प्रथम अडवा, मग पकडा

उंदरांच्या बंदोबस्ताचा विचार करताना बहुतेकांचा हात प्रथम विषाकडे जातो. अनुभव आणि शास्त्र या दोहोंचा सल्ला याच्या उलट आहे. मार्ग खुला आणि अन्न उघडे असेल, तर मारलेल्या उंदरांची जागा नवे उंदीर लवकरच घेतात. म्हणून कामाचा क्रम पुढीलप्रमाणे असावा.

१. फटी बुजविणे. सहा मिलिमीटरपेक्षा मोठी कोणतीही फट राहू देऊ नये. दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी ठोकावी. नळ व विजेच्या तारा भिंतीतून जातात तेथील भोके तारेचा लगदा कोंबून वर सिमेंटने बुजवावीत. मोरीच्या तोंडाशी आणि झरोक्यांना बारीक लोखंडी जाळी लावावी. कापूस, कागद किंवा नुसती माती यांचा उपयोग होत नाही.

२. वाटा तोडणे. छपरावर आलेल्या फांद्या व झावळ्या छाटाव्यात. नारळाच्या बुंध्याभोवती जमिनीपासून सुमारे दोन मीटर उंचीवर रुंद गुळगुळीत पत्रा बसविल्यास उंदराला वर चढता येत नाही. भिंतीलगत पेंढा, सरपण वा अडगळ रचू नये.

३. धान्य सुकवून बंद करणे. भात चांगले वाळवून, ओलावा बारा ते चौदा टक्क्यांपर्यंत आणून मगच भरावे. हवाबंद डब्यात ओले धान्य भरल्यास बुरशी धरते. घट्ट झाकणाची पत्र्याची कोठी ही घरासाठी सर्वांत सुरक्षित. पोती ठेवायचीच असल्यास ती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून किमान दोन फूट अंतर सोडून रचावीत, म्हणजे चारी बाजूंनी पाहणी करता येते. कोठार स्वतंत्र असल्यास ते जमिनीपासून तीन फूट उंच खांबांवर बांधून प्रत्येक खांबाला उपड्या नरसाळ्यासारखा पत्रा बसवावा आणि शिडी कामापुरतीच लावावी.

४. उष्टे-खरकटे आवरणे. रात्री भांडी, जनावरांचे खाद्य आणि देवापुढील नैवेद्य उघडा राहू नये.

५. सापळे लावणे. उंदीर भिंतीच्या कडेने धावतो. म्हणून सापळ्याचे आमिषाकडील टोक भिंतीला लागेल असा तो आडवा ठेवावा. लहान उंदरासाठी दोन-तीन मीटर अंतरावर अनेक सापळे एकाच रात्री लावावेत. मोठ्या उंदरासाठी दोन-तीन दिवस सापळा न ताणता नुसते आमिष ठेवावे. त्याचा संशय फिटला की मग ताणावा. तळलेले खोबरे किंवा सुकी मासळी हे आमिष चालते.

तंजावरच्या शेतांत वापरला जाणारा बांबूचा धनुष्यसापळा या बाबतीत उल्लेखनीय आहे. ‘तंजावूर किट्टी’ या नावाने तो कृषिशास्त्रज्ञांनाही परिचित आहे. वाकविलेल्या बांबूच्या ताणावर चालणारा हा सापळा स्वस्त, स्थानिक आणि विषरहित आहे. तो लावणारे कसबी लोक सायंकाळी शेतात सापळे मांडतात, पहाटे ते गोळा करतात आणि पकडलेल्या उंदरांच्या संख्येवर त्यांना मोबदला मिळतो. याच्या जोडीला शेतात घुबडांना बसण्यासाठी आडव्या दांड्यांचे खांब उभारण्याचीही पद्धत आहे. गव्हाणी घुबड रात्री उंदीर टिपते. अपशकुनी मानलेला हा पक्षी खरे पाहता शेतकऱ्याचा बिनपगारी रखवालदार आहे. विषबाधित उंदीर खाऊन त्याचाही जीव धोक्यात येऊ शकतो, हे विष वापरणाऱ्याने विसरू नये.

विषाविषयी गंभीर इशारा

नोव्हेंबर २०२४ मध्ये चेन्नईच्या उपनगरातील एका घरात उंदरांसाठी ठेवलेल्या विषामुळे रात्री झोपेत असलेल्या कुटुंबाला बाधा झाली आणि दोन लहान मुले दगावली. उंदीर मारण्याच्या घाईत घरातील माणसे गमावण्याचा हा प्रसंग प्रत्येकाने लक्षात ठेवावा.

हवेतील ओलाव्याशी संयोग होऊन फॉस्फिन हा विषारी वायू सोडणाऱ्या गोळ्या राहत्या घरात कदापि वापरू नयेत. त्या प्रशिक्षित व्यक्तींनी, निर्मनुष्य व बंदिस्त गोदामात वापरावयाच्या आहेत. झिंक फॉस्फाइड हे शेतासाठीचे तीव्र विष असून त्यावर विशिष्ट उतारा नाही. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट विशेष फसवी आहे. ती पोटात गेल्यावर एक-दोन दिवस माणूस बरा वाटतो आणि त्यानंतर यकृत निकामी होऊ लागते. अशी पेस्ट घरात आणूच नये. रक्त गोठू न देणारी विषे तुलनेने सावकाश काम करतात व त्यांवर ‘के’ जीवनसत्त्वाचा उपचार आहे. तरीही ती बंद पेटीतच, मुले व जनावरे यांच्या आवाक्याबाहेर ठेवावीत. विषबाधेची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता, उलटी करविण्याच्या भानगडीत न पडता, वेष्टनासह रुग्णालय गाठावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका तमिळनाडूत तशीच महाराष्ट्रातही उपलब्ध आहे.

उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस हा आजार पसरतो. म्हणून लेंड्या कोरड्या झाडू नयेत. हातमोजे घालून, जंतुनाशकाने भिजवून त्या पुसून घ्याव्यात. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यात उतरू नये.

एकट्याचे नव्हे, गावाचे काम

एका शेतकऱ्याने आपले शेत स्वच्छ केले आणि शेजाऱ्याने केले नाही, तर उंदीर चार दिवसांत परत येतात. त्यामुळे लावणीपूर्वी सर्वांनी मिळून बांध छाटणे, ते अरुंद व कमी उंचीचे ठेवणे आणि पीक लहान असतानाच सापळ्यांची मोहीम घेणे हिताचे ठरते. लोंब्या भरल्यावर उंदरांना आमिषाचे आकर्षण राहत नाही आणि तोवर त्यांची संख्याही वाढलेली असते. आडुतुरै येथे १९२२ पासून कार्यरत असलेले भात संशोधन केंद्र आणि तंजावर येथील पूर्वीचे भात प्रक्रिया संशोधन केंद्र, जे आज राष्ट्रीय अन्न तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते, यांसारख्या संस्था या भागात आहेत. आपल्या जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्राकडूनही असे मार्गदर्शन मिळू शकते.

बँकेच्या कर्मचाऱ्यांसाठीही यात एक मुद्दा आहे. गोदामातील मालाच्या तारणावर कर्ज देताना आपण पोती मोजतो. त्याच वेळी पोत्यांखालील फळ्या, भिंतीपासूनचे अंतर, दाराची फट आणि ताज्या लेंड्या यांकडेही नजर टाकावी. तारणाचे मूल्य कागदावर कायम राहते, पोत्यात मात्र ते घटत असते. ग्राहकाला वेळीच दिलेली सूचना ही दोघांच्याही हिताची ठरते.

पिकविणे कष्टाचे आहे आणि राखणे दक्षतेचे. धान्य घरात येण्यापूर्वीचा एक रविवार प्रत्येक कुटुंबाने यासाठी राखून ठेवावा. हातात विजेरी घेऊन घराभोवती एक फेरी मारावी, दिसेल ती फट खडूने खूण करून ठेवावी आणि सूर्य मावळण्यापूर्वी बुजवून टाकावी. पत्र्याची एक पट्टी, मूठभर सिमेंट आणि घट्ट झाकणाची एक कोठी, एवढ्या भांडवलावर वर्षभराच्या अन्नाची राखण होऊ शकते.