सहचराचे मन आणि खेळाडूची इच्छा : ‘ड्रॅगन एज’ मालिकेतील प्रणयकथानकांचा विचार

कादंबरीतील नायिका कोणावर प्रेम करते हे वाचकाने पुस्तक उघडण्यापूर्वीच ठरलेले असते. वाचकाला ते रुचो अथवा न रुचो, त्यात फेरफार करणे त्याच्या हाती नसते. आणि पात्राला स्वतःचे असे मन आहे हा वाचकाचा विश्वास बऱ्याच अंशी त्याच्या या अगतिकतेवरच उभा असतो. संगणकावर खेळल्या जाणाऱ्या अद्भुतरम्य भूमिकाप्रधान खेळांनी ही व्यवस्था बदलून टाकली. या खेळांत नायक कोण, तो पुरुष की स्त्री, मानववंशाचा की अन्य एखाद्या काल्पनिक वंशाचा, हे खेळाडू स्वतः ठरवितो. प्रवासात त्याला काही सहचर भेटतात. त्यांच्याशी संवाद करताना पडद्यावर दिसणाऱ्या दोन-चार उत्तरांपैकी एक त्याला निवडावे लागते, आणि या निवडींच्या ओघात एखाद्या सहचराशी त्याचा प्रणय जमू शकतो. येथे एक प्रश्न अटळपणे उभा राहतो. नायकाचे लिंग खेळाडूच्या इच्छेवर सोपविल्यावर त्या सहचराचा लैंगिक कल कोणी ठरवावयाचा? लेखकाने की खेळाडूने?

प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. परंतु भारतीय काव्यशास्त्राच्या अभ्यासकाला तो परका वाटू नये. शृंगाराच्या विवेचनात आश्रय आणि आलंबन ही दोन्ही काव्याच्या आत असतात व सहृदय बाहेर असतो; साधारणीकरणाची सारी उपपत्ती या अंतरावर आधारलेली आहे. भूमिकाप्रधान खेळात सहृदयच आश्रयाच्या जागी जाऊन बसतो. मग आलंबनाची रती खरोखर त्याची स्वतःची, की केवळ आश्रयाच्या इच्छेचे प्रतिबिंब, हा संशय निर्माण होतो. एकाच बाजूला असणाऱ्या रतीला शास्त्रकारांनी रसाभासात घातले आहे, हे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

या प्रश्नाची सर्वांत दीर्घ व सलग अशी हाताळणी कॅनडातील एडमंटन येथील बायोवेअर या संस्थेच्या खेळांत आढळते. तिच्या २००० सालच्या ‘बॉल्डर्स गेट’च्या दुसऱ्या भागात पुरुषनायकासाठी तीन स्त्रिया होत्या व स्त्रीनायिकेसाठी एकच पुरुष. समलिंगी प्रणयाची शक्यता तेथे नव्हती. २००५ च्या ‘जेड एम्पायर’मध्ये स्काय व सिल्क फॉक्स या दोघांचा प्रणय नायकाच्या लिंगावर अवलंबून ठेवलेला नव्हता. यापुढचा खरा विचार मात्र २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘ड्रॅगन एज’ मालिकेत झाला. तिच्या पहिल्या तीन भागांचे प्रमुख लेखक डेव्हिड गेडर होते.

पहिल्या भागात चार सहचरांशी प्रणय शक्य आहे. अ‍ॅलिस्टेअर केवळ स्त्रीवर प्रेम करतो, मॉरिगन केवळ पुरुषावर. लेलियाना आणि झेव्हरान यांना नायकाच्या लिंगाचे बंधन नाही. ही वाटणी समतोल दिसते, परंतु तिच्यामागील कथानकाची गरज पाहण्याजोगी आहे. अ‍ॅलिस्टेअर राजवंशातील असून सिंहासनाचा प्रश्न त्याच्याशी निगडित आहे. मॉरिगनच्या कथेचा शेवट एका गर्भधारणेच्या विधीपाशी येतो. म्हणजे जेथे वारसाचा संबंध येतो तेथे कल भिन्नलिंगी ठेवलेला आहे. उलट, दोन्हींकडे मोकळी असणारी पात्रे म्हणजे एक गायिका-हेर आणि एक मारेकरी. मोहिनी घालणे हा दोघांच्याही व्यवसायाचाच भाग. हेतू तसा नसेलही, पण उभयलिंगी कल आणि चंचलता यांची जुनी सांगड येथे पुन्हा बसलेली दिसते. सहचराला भेटवस्तू दिल्या की त्याची मर्जी वाढते अशी गणिती योजनाही या भागात आहे, आणि ती प्रणयाला फारशी शोभा आणीत नाही.

२०११ च्या दुसऱ्या भागात धोरण बदलले. अँडर्स, फेन्रिस, इझाबेला व मेरिल हे चौघेही नायक हॉक स्त्री असो वा पुरुष, त्याच्यावर प्रेम करू शकतात. स्वतंत्रपणे विकत मिळणाऱ्या पुरवणीतील सबॅस्टियन तेवढा अपवाद. अशा पात्रांना खेळाडूसापेक्ष कलाची पात्रे म्हणावे असा प्रघात पुढे पडला. पुरुषनायकाशीही लगट करणाऱ्या अँडर्सबद्दल काही पुरुष खेळाडूंनी तक्रार केली, तेव्हा ही प्रणयकथानके कोणा एका वर्गासाठी नसून सर्वांसाठी आहेत, अशा आशयाचे उत्तर गेडर यांनी जाहीरपणे दिले. न्यायाच्या दृष्टीने ते उत्तर निर्विवाद आहे. वाङ्मयीन प्रश्न मात्र त्याने सुटत नाही.

तो प्रश्न कार्ल या गौण पात्रात एकवटला आहे. कार्ल हा अँडर्सचा जुना सोबती. कथेच्या आरंभीच त्याचा करुण अंत होतो. हॉक पुरुष असेल तर कार्ल आपला प्रियकर होता हे अँडर्स पुढे त्याला सांगतो. हॉक स्त्री असेल तर तो हे सांगत नाही. कार्ल केवळ मित्र म्हणून उरतो. तेव्हा दुसऱ्या प्रसंगी कार्लवरील प्रेम घडलेच नव्हते, की घडले होते पण अँडर्सने ते दडविले? दडविले असेल तर ते मोठे मार्मिक स्वभावचित्रण ठरते, कारण समोरची व्यक्ती पाहून भूतकाळाचा एक भाग गिळून टाकणे हा असंख्य माणसांचा नित्याचा अनुभव आहे. घडलेच नसेल तर मात्र खेळाडूच्या सोयीसाठी पात्राचा भूतकाळच बदलला असे म्हणावे लागते. संहिता याचा निर्णय देत नाही. इझाबेलाच्या बाबतीत असा संभ्रम नाही. हॉक कोणीही असो, तिच्या बोलण्यात स्त्रिया व पुरुष दोन्ही येतात, आणि म्हणून ती चौघांत अधिक सावयव वाटते.

मराठी वाचकाला येथे सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ची (२००६) आठवण होणे साहजिक आहे. त्या कादंबरीत एकाच घरातील तनय व अनुजा ही भावंडे घरी राहावयास आलेल्या एकाच तरुणावर प्रेम करतात. तो तरुण निनावी आहे आणि त्याचे मन वाचकाला या दोघांच्या निवेदनांतूनच चाचपावे लागते. परंतु दोन्ही निवेदने एकाच जगातील आहेत. तनयला जे ठाऊक आहे ते अनुजाला नाही, अनुजाला जे ठाऊक आहे ते तनयला नाही, वाचकाला मात्र दोन्ही ठाऊक आहे. त्या तरुणाची गूढता आणि त्याने केलेली जखम या अतिरिक्त ज्ञानातून उत्पन्न होते. अँडर्सच्या दोन कथा मात्र एकमेकींना कधीच भेटत नाहीत. त्या शेजारीशेजारी ठेवून पाहण्यासाठी खेळ दोनदा खेळावा लागतो.

२०१४ मध्ये आलेल्या ‘इन्क्विझिशन’ या तिसऱ्या भागाने उलट दिशा धरली. प्रणय शक्य असलेल्या आठ जणांपैकी आयर्न बुल व जोसेफिन हे दोघेच नायकाच्या लिंगाचा विचार न करणारे आहेत. कसांड्राला पुरुष हवा; कलन, ब्लॅकवॉल व सोलास यांना स्त्री, त्यातही सोलासला केवळ एल्फ वंशाची. सेरा केवळ स्त्रियांवर आणि डोरियन केवळ पुरुषांवर प्रेम करतो. खेळाडूला नकार मिळू शकतो, हीच या भागाची कमाई म्हणावी लागेल. डोरियनचे लेखन गेडर यांनी स्वतः केले. मायावी विद्येची घराणी वंशशुद्धीसाठी विवाह जुळवितात अशा देशातला तो एकुलता एक वारस. पित्याचे पत्र आल्याचे कळून नायकासह तो एका खानावळीत जातो, तेव्हा निरोप्याऐवजी तेथे पिताच उभा असतो. विवाहाचे सोंग करण्यास पुत्र नकार देतो म्हणून रक्तविद्येने त्याचे मन पालटविण्याचा घाट या पित्याने घातला होता. आणि रक्तविद्येचा तिरस्कार करावयास त्यानेच पुत्राला शिकविले होते. हा तिढा अस्सल नाटकाचा आहे. नायकाने येथे करावयाचे ते थोडेच : बोलणे पुरे कर म्हणावे, किंवा निघून जाऊ या म्हणावे.

या प्रसंगावर आक्षेप घेतला गेला तो असा, की समलिंगी पात्राची कथा पुन्हा त्याच्या कलाच्या दुःखाचीच कथा झाली. आक्षेपात तथ्य आहे. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’पासून (१९८१) मराठी रंगभूमीलाही तो लावता येईल. फरक इतकाच, की मित्राची कथा तिच्या विनाशात संपते. डोरियन मात्र खानावळीतून बाहेर पडून पुन्हा सहचरांत येतो आणि आपल्या पोशाखाविषयी पूर्ववत विनोद करू लागतो.

भारतातील खेळाडूंना हा प्रसंग त्या वेळी रीतसर विकत घेता आला नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌स या प्रकाशक कंपनीने स्थानिक अश्लीलताविषयक कायद्यांचा भंग टाळण्यासाठी हा खेळ भारतातील विक्रीतून मागे घेतल्याचे जाहीर केले. ११ डिसेंबर २०१३ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ पूर्ववत केले होते; त्यामुळे या माघारीचा संबंध समलिंगी प्रणयाशी जोडला गेला. मात्र कलम ३७७ कृतीविषयी होते, अश्लील साहित्याचे कलम २९२ वेगळे, आणि कंपनीचा शब्द अश्लीलतेचा होता. एक कल्पित पुत्र पित्याला नकार देतो, हे दृश्य यांपैकी कोणत्या कलमात बसते हे कोणा न्यायालयापुढे तपासलेच गेले नाही. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने प्रौढांमधील संमतीच्या संबंधांना कलम ३७७ मधून वगळले.

त्यानंतर लंबक पुन्हा खुलेपणाकडे गेला आहे. बेल्जियममधील लॅरियन संस्थेच्या २०२३ च्या ‘बॉल्डर्स गेट ३’मध्ये आणि बायोवेअरच्या २०२४ च्या ‘ड्रॅगन एज : द व्हेलगार्ड’मध्ये सहचरांचा प्रणय नायकाच्या लिंगावर अवलंबून नाही. ‘व्हेलगार्ड’चे सात सहचर खेळाडूसापेक्ष नसून मुळातच सर्वलिंगी कलाचे आहेत, असे निर्मात्यांनी आवर्जून सांगितले. असे सांगणे पुरेसे नाही. संहितेत ते दिसावयास हवे. ते काही ठिकाणी दिसते. नायकाने नीव्ह व लुकॅनिस यांपैकी कोणाशीही सूत जुळविले नाही, तर ते दोघे एकमेकांच्या जवळ येतात. हार्डिंग व टॅश यांचेही तसेच. याचे बीज ‘इन्क्विझिशन’मध्येच पेरलेले होते. तेथे डोरियन व आयर्न बुल या दोघांना खेळाडूने मोकळे ठेवले आणि प्रवासात वारंवार बरोबर नेले, तर त्यांची आधीची चकमक हळूहळू वेगळ्या सुराची होऊ लागते. खेळाडूला या संभाषणात उत्तर निवडावयास मिळत नाही. डोंगरवाटेने पुढे चालताना मागून येणारे ते शब्द त्याने फक्त ऐकावयाचे असतात.