आधी त्यांची धास्ती बघ

भुईगाव, ता. वसई

चि. बाय,


परवा फोनवर तू म्हणालीस, की वाडीतले पार्किन्सन्सचे ते काका तुझ्यासमोर सगळे व्यायाम नीट करतात आणि तू पाठ फिरवलीस की दिवसभर खुर्चीतून हलत नाहीत. पायांत जोर आहे, सांधे मोकळे आहेत, मग अडतं कुठे? घरची माणसं म्हणतात आळस. आळस नाही गं तो. ते घाबरले आहेत, आणि तू आतापर्यंत फक्त त्यांच्या पायांवर काम करते आहेस.

पार्किन्सन्समध्ये धास्ती ही केवळ पडल्यामुळे येत नाही. डोपामिन कमी होतं हे तू शिकलीस. पण त्याच आजारात सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनालिनही बिघडतात. कित्येकांना हात थरथरायच्या काही वर्षं आधीच उगाच काळजी वाटू लागलेली असते. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजारावर पहिला निबंध लिहिला, त्यात रुग्णाची बुद्धी आणि इंद्रियं शाबूत राहतात असं नोंदवलं. पुढे बराच काळ वैद्यकाची नजर थरथरीवर आणि ताठरपणावरच खिळून राहिली, मनाकडे उशिरा वळली. तू तरी पहिल्या दिवसापासून मनाकडे बघ. ‘घाबरट’ हा शब्द त्या घरात कुणाच्या तोंडी येऊ देऊ नकोस.

माणूस घाबरला की अंग आणखी आखडतं, सगळं लक्ष पावलांवर जातं आणि नेमकी तेव्हाच पावलं जमिनीला चिकटतात. धड पुढे जातं, पाय मागे राहतात, तोल जातो. मग ते चालणंच टाळतात आणि मांड्यांतला उरलासुरला जोर जातो. म्हणून तोलावर आधी आणि धास्तीवर नंतर असे उपचार करून चालत नाही.

पहिलं काम म्हणजे वही. गोळी किती वाजता घेतली, पाय कधी चिकटले, छातीत धडधड कधी झाली, हे त्यांच्या सुनेला आठवडाभर लिहायला सांग. पुष्कळदा दिसतं, की पुढच्या गोळीची वेळ जवळ आली, आधीचा असर उतरला, की धास्ती उसळते. तसं असेल तर समजुतीच्या शब्दांइतकंच महत्त्व गोळ्यांच्या वेळांना आहे. वही न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. वेळा आणि मात्रा तेच बदलतील, आपण नाही. जेवणाचंही विचार. गोळीतलं लेवोडोपा आणि प्रथिनं आतड्यातून एकाच वाटेने आत जातात, त्यामुळे मासळी-डाळीच्या जेवणासोबत घेतलेली गोळी मागे पडते. आपल्याकडे मासळी बंद करा म्हणणं क्रूरपणा आहे आणि त्याची गरजही नाही. डॉक्टरांची हरकत नसेल तर गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची.

आता जे सांगते ते नीट ऐक. तोल जातो म्हटलं की लोक त्याला चक्कर म्हणतात आणि चक्करेची गोळी आणतात. प्रोक्लोरपेराझिन, सिन्नारिझिन, फ्लुनारिझिन आणि उलटीसाठीचं मेटोक्लोप्रामाइड ही औषधं डोपामिनचं काम अडवतात आणि पार्किन्सन्स वाढवतात. त्यांच्या उशाशी असलेला प्रत्येक डबा उघडून बघ. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन लाव. झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्यांचंही तसंच. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलामने धास्ती उतरते, पण पाय आणखी डगमगतात आणि रात्री लघवीला उठलेला माणूस पडतो. पण चालू असलेली अशी गोळी एकदम तोडायची नसते, हेही घरच्यांना बजाव. धास्तीवर दुसरी औषधं आहेत, बोलून करायचे मानसोपचार आहेत. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला घरचे लाजत असतील, तर तू सोबत जा. खाजकुयलीच्या बियांची पूड कुणी आणून दिली असेल तर तीही विचार. तिच्यात खरोखरच लेवोडोपा असतं, म्हणूनच ती गोळीच्या जोडीला बेहिशेबी घेणं धोक्याचं.

रक्तदाब आडवं झोपवून मोज, मग उभं करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोज. वरचा आकडा वीस किंवा त्याहून जास्त खाली आला, तर त्यांच्या धास्तीचं एक कारण तिथेच सापडेल. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणारा माणूस उठायला घाबरणारच.

पाय चिकटले तर हात धरून ओढायचं नाही, मागून ‘चला, चला’ही करायचं नाही. थांबू दे, श्वास सोडू दे, वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेऊ दे, मग मोठ्याने एक-दोन मोजून लांब पाऊल. पुण्याच्या डिझायनर मिलेहा सोनेजी यांच्या काकांना हाच आजार होता. सपाट फरशीवर अडणारे काका जिना मात्र सहज चढत-उतरत. हे पाहून मिलेहाताईंनी सपाट जमिनीवर जिन्याचं चित्र अंथरलं आणि काका त्यावरून चालत गेले! डोळ्यांना आडव्या रेषा मिळाल्या की मेंदूला दुसरी वाट सापडते. आपल्या वाडीतल्या काकांच्या पडवीपासून न्हाणीपर्यंत एकेका पावलाच्या अंतरावर रंगीत चिकटपट्ट्या लाव. उंबरठ्याशी एक हवीच, दारातच जास्त अडतं. वळताना जागच्या जागी गिरकी नको, मोठा वळसा घ्यायचा.

चालताना त्यांच्याशी गप्पा मारू नकोस. पावसाळ्यात अंगणातलं शेवाळ रोज खरवडून काढायला सांग.

काकांना बसून मात्र राहू द्यायचं नाही. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये १९५ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा, चोवीस आठवडे ताई-ची करणाऱ्यांचा तोल सुधारला आणि पडणं कमी झालं. पुण्यात हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांना नाच शिकवला. मला त्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की तिथे कुणी एकटं नसतं. हात थरथरणारी दहा माणसं एकत्र आली की लपवालपवी संपते, आणि लपवण्याच्या ताणानेच निम्मी धास्ती वाढलेली असते. मुंबईत डॉ. भीमसेन सिंघल यांनी २००१ साली स्थापन केलेली पार्किन्सन्स सोसायटी आहे, पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. त्यांच्याशी बोल. भुईगाव, गिरीज, निर्मळ मिळून चार-पाच घरं तरी निघतील. आमची पडवी मोकळीच आहे, आठवड्यातून एकदा सगळ्यांना इथे आण.

आणि काकांना कुठे जायचंय ते त्यांनाच विचार. मला वाटतं, त्यांना केळी बघायला जायचं असेल. पण वाट बावखलाच्या, म्हणजे तळ्याच्या, काठाने जाते आणि तिथेच त्यांची छाती धडधडते. काठाला बांबूचा कठडा घालून घे. गोळी लागू झाल्यावर, उजेडात, पहिल्या दिवशी फक्त कठड्यापर्यंत जा आणि परत या. धडधड झाली तरी लगेच मागे फिरवू नकोस. तिथेच धरून उभे राहा, ती उतरेपर्यंत. उतरते, हे त्यांना स्वतःला कळायला हवं. दुसऱ्या आठवड्यात आणखी थोडं पुढे. कमरेला पट्टा बांधून तू बाजूला आणि किंचित मागे राहा, कारण ही माणसं मागेही पडतात.

उद्या मात्र सकाळच्या गोळीच्या आधी जा, एरवी जातेस तेव्हा नको, म्हणजे असर नसताना ते कसे असतात ते दिसेल. रक्तदाबाचे दोन्ही आकडे आणि डब्यांतल्या औषधांची नावं मला संध्याकाळपर्यंत कळव.

तुझी,
आत्या