होडी चूळ टाकते ना?

कोकणात मच्छीमार होडीच्या मागे लावलेलं आउटबोर्ड इंजिन सुरू झालं की त्याच्या अंगातून पाण्याची एक बारीक धार सतत उडत राहते. होडी चालवणाऱ्याचं अर्धं लक्ष तिच्याकडे असतं. धार थांबली, तर इंजिनाच्या पोटात पाणी फिरत नाही, म्हणजे इंजिन ताबडतोब बंद करायचं. रिमोटवर पळणाऱ्या हात-दीड हात लांबीच्या मॉडेल स्पीडबोटीलाही हाच नियम लागू आहे. तिच्याही कुशीला एक भोक असतं आणि पळताना त्यातून चूळ पडायला हवी.

माझ्या पहिल्या होडीची चूळ पडली नाही. झाकण लावताना आतली सिलिकॉनची नळी दुमडली होती. होडी काठाला आणून झाकण उघडलं, तर जळक्या वार्निशचा वास. मी सगळा दोष नळीला दिला, नवी मोटर आणली, नळी नीट बसवली. तर तीही हात लावू देईना. मग लक्षात आलं की मुळात मोटर आणि पंखा यांची जोडीच होडीला झेपणारी नव्हती. तेव्हापासून माझा क्रम पक्का आहे: आधी उष्णता कमी निघेल अशी निवड, मग उरलेली उष्णता काढायला पाणी. पाणी हे पथ्य आहे, चुकीच्या निवडीवरचं औषध नव्हे.

पुढचं सगळं एकच उदाहरण धरून सांगतो: ६५ ते ७० सेंटिमीटर लांबीची, व्ही आकाराच्या तळाची फायबरग्लासची होडी, बॅटरीसकट वजन दोन-अडीच किलो.

पायरी १ : मोटरचा प्रकार ठरवा

पाणी आत शिरू नये म्हणून स्पीडबोटीचं झाकण टेपने चिकटवतात. त्यामुळे आत वारा खेळत नाही आणि मोटर थंड करायला पाण्याशिवाय दुसरा मार्ग उरत नाही. मोटर निवडताना म्हणूनच पहिला प्रश्न विचारायचा: हिची उष्णता नेमकी कुठे तयार होते आणि पाणी तिथवर पोहोचतं का?

ब्रशच्या मोटरीत, म्हणजे स्वस्त ‘५४०’ जातीत, तांब्याचं वेटोळं आत फिरतं आणि चुंबक बाहेरच्या डब्याला चिकटलेले असतात. डब्यावर पाण्याची नळी गुंडाळली, तरी तापणारा भाग आत एकटाच तापत राहतो. ब्रशलेस आउटरनरमध्ये बाहेरचा डबाच फिरतो, त्यावर पाण्याचं आवरण चढणार कसं? संथ चालणाऱ्या टगबोटीला ती चालेल. ब्रशलेस इनरनरमध्ये मात्र वेटोळं स्थिर डब्याला आतून चिकटून असतं आणि चुंबक मधल्या दांड्यावर फिरतात. डबा थंड केला की वेटोळं थंड होतं. स्पीडबोटीला चार पोलची ब्रशलेस इनरनर घ्यायची ती यासाठी.

पायरी २ : आकडा वाचा

मोटरवर ‘३६६०’ असं छापलेलं असतं. पहिले दोन आकडे व्यास, पुढचे दोन लांबी: ३६ मिमी जाड, ६० मिमी लांब. आपल्या होडीला ३६६० पुरते. जागा आणि वजनाचा तोल जमत असेल तर ३६७४ आणखी बरी. ४०-४५ सेंमीच्या होडीला २८ मिमी जाडीची मोटर पुरेशी होते, तर ९० सेंमीच्या पुढे ४० मिमीचा विचार करावा.

दोन मोटरींत मन अडकलं तर लांब मोटर घ्या. तिच्यात तांबं आणि लोखंड जास्त असतं, त्यामुळे तेवढंच काम ती कमी तापून करते. जाहिरातीतल्या ‘कमाल वॉट’वर मात्र जाऊ नका, तो आकडा बहुधा काही सेकंदांचा असतो आणि तुमची फेरी चार मिनिटांची.

पायरी ३ : केव्ही आणि सेल यांचं गणित मांडा

इथला केव्ही महावितरणच्या केव्हीसारखा किलोव्होल्ट नव्हे. एका व्होल्टला, भार नसताना, मोटर मिनिटाला किती फेरे घेईल, तो हा आकडा. लायपो बॅटरीचा एक सेल ३.७ व्होल्टचा धरतात, म्हणजे चार सेलची बॅटरी १४.८ व्होल्टची.

२००० केव्ही × १४.८ = २९,६०० फेरे.

पहिल्या होडीसाठी हा गुणाकार २५ ते ३० हजारांच्या दरम्यान ठेवा. त्याच बॅटरीवर ३००० केव्हीची मोटर लावली तर गुणाकार ४४,४०० होतो आणि खरी गडबड इथे होते. पंख्याला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाच्या हिशेबाने वाढते. फेरे दीडपट झाले तर ताकद साडेतीनपटीच्या घरात जाते. ती मोटर एवढी ताकद देऊ शकत नाही. ती फक्त करंट ओढत आणि तापत राहते.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची. ९०० वॉट हवे असतील तर तीन सेलवर (११.१ व्होल्ट) सुमारे ८१ अँपिअर लागतात, सहा सेलवर (२२.२ व्होल्ट) सुमारे ४०. करंट निम्मा झाला की तारा आणि कनेक्टरमधली उष्णता चौथाईवर येते. म्हणून तेवढाच वेग कमी उष्णतेत हवा असेल तर सेल वाढवा आणि त्याच प्रमाणात केव्ही कमी करा. केव्ही तेवढाच ठेवून नुसते सेल वाढवले, तर वर सांगितलेल्या घनाच्या सापळ्यात पाय पडलाच.

पायरी ४ : पंखा लहानापासून सुरू करा

पंख्याचे दोन आकडे पाहायचे: व्यास आणि पिच. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा न घसरता जेवढा पुढे सरकेल ते अंतर. ४० मिमी व्यास आणि पिच त्याच्या १.४ पट, म्हणजे ५६ मिमी. २९,६०० फेऱ्यांना कागदावरचा वेग ताशी ९९ किलोमीटरच्या आसपास येतो. पण भाराखाली फेरे कमी होतात आणि पंखा पाण्यात घसरतो. दोन्हींपायी पाचवा-पाचवा हिस्सा वजा केला तर उरतात ताशी ६०-६५ किलोमीटर. काठावरून पाहताना हा वेगही डोळ्यांत मावत नाही.

व्यासाचा परिणाम तर फेऱ्यांपेक्षा तिखट. त्याच घाटाचा पंखा ४० चा ४२ मिमी केला, फेरे तेवढेच राहिले, तर भार सुमारे पाव हिश्शाने वाढतो. दोन मिलिमीटर डोळ्याला दिसत नाहीत, मोटरीला बरोबर कळतात. म्हणून ३८ मिमीपासून सुरुवात करा आणि तापमान पाहूनच एकेक पायरी वर चढा.

पायरी ५ : ईएससी आणि बॅटरी

मोटरीला वीज मोजून देणारा स्पीड कंट्रोलर, म्हणजे ईएससी, बोटीसाठीचाच घ्या. त्याला पाण्याच्या दोन तोट्या असतात. अपेक्षित करंटच्या दीडपट क्षमता धरा. ६०-७० अँपिअरसाठी १२० अँपिअरचा घेतला तर कुठेच ओढाताण होत नाही. बॅटरी आणि ईएससी यांच्यातल्या तारा आखूड ठेवा, कारण लांब तारांमुळे ईएससीच्या कपॅसिटरवर ताण येतो. तारा लांबवायच्याच असतील तर मोटरीच्या बाजूच्या लांबवा.

५००० एमएएचची बॅटरी सरासरी ६० अँपिअरवर पाच मिनिटांत रिकामी होईल. पण पाचवा हिस्सा शिल्लक ठेवूनच होडी काठाला आणायची, म्हणून रिमोटवर चार मिनिटांचा गजर लावा.

पायरी ६ : पाण्याची वाट बांधा

इथे पंप नसतो. होडीच्या मागच्या फळीखाली, पंख्याच्या मागे किंवा सुकाणूच्या पात्यात, पुढे तोंड केलेलं एक भोक असतं: पिक-अप. होडीच्या वेगानेच पाणी त्यात घुसतं. ताशी ३६ किलोमीटरला हा दाब पाच मीटर उंचीच्या टाकीखालच्या नळाएवढा असतो. वेग निम्मा झाला की दाब चौथाईवर येतो.

पाणी किती लागतं? फार नाही. ९०० ते १००० वॉट घेणाऱ्या मोटरीत दीडशे वॉटची उष्णता होते असं धरू. मिनिटाला अर्धा लिटर पाणी फिरलं तर तेवढी उष्णता उचलताना ते जेमतेम चार-पाच अंशांनी तापतं. आपल्याकडे उन्हाळ्यात तळ्याचं पाणी तिशीच्या आसपास कोमट असलं, तरी काम भागतं. धारेचा जोर दुय्यम. ती एक क्षणही तुटू नये, हे महत्त्वाचं.

जोडणीचा क्रम असा ठेवा:

- पिक-अपमधून पाणी आधी ईएससीत न्या, मग मोटरीत. दोघांत नाजूक ईएससी, म्हणून पहिलं थंड पाणी त्याला. जागा असेल तर दोन स्वतंत्र वाटा सर्वांत उत्तम.
- मोटरीवर अ‍ॅल्युमिनियमचं वॉटर जॅकेट चढवा. आतल्या रबरी कड्यांना सिलिकॉन ग्रीस लावा, नाहीतर चढवताना ती कापली जातात.
- जॅकेट असं फिरवा की पाणी खालून आत आणि वरून बाहेर जाईल. उलट केलं तर वरच्या भागात हवा अडकते आणि तेवढा भाग कोरडाच तापतो.
- नळी सिलिकॉनची, आतून सुमारे ४ मिमी. वळण मोठं ठेवा, जिथे दुमडायची शक्यता आहे तिथे तारेची स्प्रिंग चढवा आणि प्रत्येक तोंडाला प्लास्टिकची पट्टी आवळा.
- बाहेर टाकणारं भोक पाण्याच्या रेषेच्या वर, फेऱ्या मारताना तुमच्याकडे असेल त्या कुशीला पाडा. चूळ दिसलीच नाही तर तिचा उपयोग काय?

याच टप्प्यावर लवचीक शाफ्टलाही ग्रीस भरा. कोरड्या शाफ्टचं घर्षण मोटरीलाच भरून काढावं लागतं. भाराखाली हा शाफ्ट पिळून किंचित आखूड होतो, म्हणून पंख्याच्या पुढच्या बाजूला दोन-तीन मिमीची फट सोडा. नाहीतर तो मोटरीचे बेअरिंग ओढतो.

पायरी ७ : घरी तपासा

सुई काढलेली मोठी सिरिंज पिक-अपला लावा आणि पाणी ढकला. दुसऱ्या टोकाने धार मोकळी यायला हवी. मग झाकण लावून हीच चाचणी पुन्हा करा. माझी पहिली मोटर या दुसऱ्या चाचणीने वाचली असती. आत वर्तमानपत्राचा कागद अंथरा, म्हणजे गळतीचा ठिपका लगेच उमटतो. मोटर टेबलावर फिरवून पाहायची असेल तर पंखा काढून, दोन-तीन सेकंदच.

पायरी ८ : तळ्यावर

पहिली फेरी एक मिनिटाची. होडी निम्म्या वेगाने समोरून न्या आणि चूळ पाहा. ती दिसली तरच पुढचा वेग. मिनिटभराने काठाला आणा, झाकण उघडा, इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजा आणि दोन मिनिटांनी पुन्हा मोजा. थांबलेल्या होडीत पाणी फिरत नाही, पण आतल्या दांड्याची उष्णता बाहेर येत राहते, म्हणून दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा येऊ शकतो. तोच खरा धरा.

मोटर ६० अंशांच्या आत असेल तर फेरी वाढवत न्या. ६० ते ७० असेल तर आहे तिथेच थांबा. ७० च्या वर गेली तर पंखा लहान करा. साध्या प्रतीच्या निओडिमियम चुंबकांची मर्यादा ८० अंशांच्या आसपास असते. ती ओलांडली की त्यांची ताकद कायमची उतरते. पुढे तीच मोटर तेवढ्याच कामाला जास्त करंट घेते आणि आणखी तापते.

आपल्या तळ्यांत जलपर्णीची वेगळी धास्ती. पंखा वेलीत अडकला की होडी थांबते, पाणी थांबतं आणि करंट मात्र शिगेला जातो. अशा वेळी थ्रॉटल दाबून सोडवायला जाऊ नका, त्यावरचं बोट लगेच काढा. होडी आणायला स्वतः पोहतही जाऊ नका. पवई तलावासारख्या ठिकाणी मगरीही आहेत. गळ टाकायची काठी किंवा दोरीला बांधलेला चेंडू सोबत असू द्या आणि होडीच्या पोटात फोमचे तुकडे भरा, म्हणजे उलटली तरी बुडत नाही.

पायरी ९ : कुठे दुखतंय ते ओळखा

- चूळ नाही: पिक-अपमध्ये शेवाळ, नाहीतर नळी दुमडलेली.
- चूळ छान, तरी मोटर गरम: पंखा मोठा, केव्ही जास्त किंवा शाफ्ट कोरडा.
- मोटर थंड, ईएससी गरम: ईएससी लहान पडतोय किंवा त्याच्या वाटेत हवा अडकली आहे.
- बॅटरी गरम, फुगलेली: तिच्या कुवतीपेक्षा जास्त करंट ओढला जातोय. फुगलेली लायपो पुन्हा वापरू नका.
- बाहेर पडणारं पाणी हाताला कढत: धार फार बारीक आहे.

खाडीत किंवा समुद्रात होडी चालवली असेल तर घरी आल्यावर गोड्या पाण्याच्या दोन सिरिंज त्याच वाटेने सोडा आणि शाफ्ट काढून पुसून पुन्हा ग्रीस करा. मिठाचे खडे आतून नळी बारीक करत नेतात आणि ते बाहेरून कळत नाही.

हल्ली कुणी नवी होडी घेऊन तळ्यावर आलं की पहिला प्रश्न येतो, “किती पळते?” मी आधी तिच्या कुशीकडे पाहतो. धार नीट उडत असली की मग वेगाच्या गप्पा मारायला मीही मोकळा.