खारट घाम, चिकट कफ आणि सुजेवरचं औषध



वर्गात एखादं लेकरू बारा महिने खोकत असतं. पोषण आहाराची खिचडी दोनदा घेतं, तरी अंगाला लागत नाही. आपण म्हणतो, जंत असतील. दवाखान्यात क्षयाची तपासणी होते. बहुतेक वेळा क्षय, दमा किंवा कुपोषण असंच काहीतरी निघतंही. पण काही थोड्या मुलांत कारण जन्मापासूनचं असतं, त्याचं नाव सिस्टिक फायब्रोसिस. हा गोऱ्या लोकांचा आजार, आपल्याकडे नसतोच, असं फार काळ मानलं गेलं. दिल्लीच्या एम्समध्ये आणि वेल्लोरच्या सीएमसीत निदान झालेल्या मुलांनी तो समज खोटा ठरवला.

सातव्या गुणसूत्रावर सीएफटीआर नावाचं जनुक असतं. ते 1989 साली सापडलं. आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत मिळाली तरच आजार होतो. दोघं स्वतः ठणठणीत असतात आणि प्रत्येक गरोदरपणात चारात एक अशी शक्यता असते. (त्यामुळे 'सुनेच्या माहेरचा दोष' वगैरे बोलणाऱ्यांना हे वाक्य जरूर वाचून दाखवा.) या जनुकापासून बनणारं प्रथिन पेशीतली मिठाची ये-जा सांभाळतं. ते बिघडलं की घामातलं मीठ परत शरीरात ओढलं जात नाही, म्हणून घाम फार खारट. उलट फुफ्फुसात पुरेसं पाणी पृष्ठभागावर येत नाही, म्हणून कफ डिंकासारखा चिकट.

पाणी तुंबलेल्या नालीत काय होतं ते आपल्याला ठाऊकच आहे. चिकट कफात जंतू मुक्काम करतात. लहानपणी बहुधा स्टॅफिलोकोकस, पुढे सुडोमोनास. त्यांच्याशी लढायला न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी झुंडीने येतात. इथेच खरी गंमत, किंवा खरं तर शोकांतिका आहे. या पेशी मरताना इलास्टेज नावाचं विकर सोडतात आणि ते जंतूंसोबत फुफ्फुसाच्या भिंतीही खातं. फुटलेल्या पेशींतला डीएनए कफात मिसळून तो आणखी घट्ट होतो. धुऱ्यावरचा कचरा पेटवावा आणि जाळ उभ्या पिकात शिरावा, तसं. म्हणजे जंतू जेवढं नुकसान करतात, त्यात सुजेची मोठी भर पडते.

मग सूजच दाबून टाकली तर? डॉक्टरांनाही हाच प्रश्न पडला. आधी स्टिरॉइड दिलं. फुफ्फुसाला फायदा दिसला, पण दीर्घकाळ घेणाऱ्या मुलांची उंची खुंटली, काहींना मोतीबिंदू झाला, रक्तातली साखर वाढली. मग 1995 साली अमेरिकेतल्या अभ्यासात 85 रुग्णांवर चार वर्षं आयबुप्रोफेन तपासलं गेलं. फुफ्फुसांची घसरण मंदावली, आणि सर्वात जास्त फायदा लहान मुलांना झाला. पण हे आयबुप्रोफेन म्हणजे तापाला देतो तेवढं नव्हे. मात्रा मोठी, आणि रक्तातलं प्रमाण मोजून ठरवलेली. मात्रा कमी पडली तर न्यूट्रोफिल उलट वाढू शकतात. जास्त झाली तर पोटात रक्तस्राव आणि मूत्रपिंडाला धोका.

पुढे ॲमेलुबँट नावाचं नवं औषध आलं. पांढऱ्या पेशींना बोलावणारा निरोपच अडवायचा, अशी त्यामागची कल्पना. कागदावर फार सुंदर. प्रत्यक्षात औषध घेणाऱ्या प्रौढांमध्ये फुफ्फुसाचे गंभीर त्रास वाढले आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. सूज नको तेवढी आहे हे खरं, पण राखणदारच काढून घेतला तर जंतूंना रान मोकळं होतं.

त्यातल्या त्यात टिकलं ते ॲझिथ्रोमायसिन. आहे प्रतिजैविक, पण सुडोमोनासला ते नेहमीसारखं मारत नाही. त्याचा उपयोग मुख्यतः सूज आवरण्यासाठी होतो असं मानतात. 2003 च्या अभ्यासात आठवड्यातून तीन दिवस दिल्यावर आजार उसळण्याचं प्रमाण घटलं. तेसुद्धा सुरू करण्याआधी कफात क्षयाच्या जातकुळीतले जंतू नाहीत ना, हे बघावं लागतं. 2019 पासून मूळ प्रथिनच सुधारणारं तीन औषधांचं मिश्रण अमेरिकेत मिळतं, पण त्याची किंमत आपल्याकडच्या सामान्य घराच्या आवाक्याबाहेरची आहे.

हे सगळं इतकं सविस्तर सांगायचं कारण असं की, आपल्याकडे जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून स्टिरॉइडचं सिरप आणलं जातं. खोकला चार दिवस बसतो, घरचे खूश होतात आणि खरं निदान लांबत जातं. कृपया असं करू नका.

आणखी एक, आपल्या यवतमाळच्या उन्हाळ्याबद्दल. 1948 साली न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली तेव्हा ही मुलं इतरांपेक्षा जास्त कोसळली, आणि त्याच धाग्यावरून 1953 साली डॉ. दि सांत'ॲग्नेसे यांनी घामातलं जादा मीठ दाखवून दिलं. तिथली ती लाट आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये रोजचीच. निदान झालेलं मूल वर्गात असेल तर डॉक्टरांनी सांगितलेलं मीठ-पाणी त्याला तासाला मध्ये थांबवूनही पिऊ द्या. खोकताना गप्प करू नका, कफ बाहेर पडायलाच हवा. संडासला वारंवार जावं लागतं, तेव्हा सुट्टीची वाट बघायला लावू नका.

निदानाची मुख्य तपासणी घामाची आहे. घामातलं क्लोराइड लिटरला 60 मिलिमोल किंवा त्याहून जास्त आलं तर हा आजार असण्याची दाट शक्यता. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येईल तेव्हा फक्त वजन-उंचीचा तक्ता पुढे करू नका. कोणतं मूल किती महिन्यांपासून खोकतंय, शौच तेलकट आणि फार दुर्गंधीचं होतं का, आईला मुलाचा पापा खारट लागतो का, अंगावर मिठाचा पांढरा थर दिसतो का, हे आधी पालकांना विचारून कागदावर लिहून ठेवा आणि तो कागद पथकातल्या डॉक्टरांच्या हातात द्या.