गांजाचं औषध: नर्सने हात लावावा का?

प्रश्न: मी कॅलिफोर्नियात नर्स आहे. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातले आजोबा कुलूपबंद डब्यातले गांजाचे थेंब मागतात. काढून देऊ का?

उत्तर: नको, ताई. तिथल्या ‘रायन्स लॉ’नुसार २०२२ पासून रुग्णालयाला अशा रुग्णाला ते घेऊ द्यावंच लागतं, धूम्रपान आणि व्हेपिंग मात्र बंद. पण डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट यांनी डब्यातून काढायचंही नाही, पाजायचंही नाही. ते काम रुग्णाचं किंवा त्याच्या काळजीवाहकाचं. थरथरत्या हातांना बाटलीचं झाकण उघडत नसताना हा नियम निष्ठुर वाटतो, आणि माझ्या मते तो आहेही. तुम्ही केसपेपरवर नोंद मात्र जरूर ठेवा. इतर औषधं देताना ती लागते. आणि आजोबांच्या काळजीवाहकाला आजच फोन करून थेंब द्यायच्या वेळा ठरवून घ्या.