धावण्याची मात्रा : पाच किलोमीटरच्या शर्यतीसाठी वेगनिश्चिती

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की तिवसा परिसरातील पांदण रस्त्यांवर पहाटे तरुणांची धाव सुरू होते. पुढील आठ-दहा दिवसांत तेच तरुण आपल्याकडे येतात. कोणाला पार्श्वशूल, कोणाला पिंडिकोद्वेष्टन, तर कोणी 'दम पुरत नाही' म्हणून बल्य औषध मागतो. औषधी दुकानदार बंधूंकडे अश्वगंधा व शिलाजिताची मागणी वाढते. औषधाची मात्रा आपण वय, बल, अग्नी व काल पाहून ठरवितो; धावण्याचा वेग ही व्यायामाची मात्राच होय, तथापि रुग्ण ती सांगत नाही व आपणही सहसा विचारीत नाही. 'पहिला किलोमीटर किती वेळात धावतोस?' एवढ्या एका प्रश्नाने पुष्कळदा निदान होते.

विषय किरकोळ नाही. जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीस भरतीत ५ किलोमीटरच्या धावचाचणीदरम्यान काही उमेदवार दगावले. त्यानंतर शिपाई भरतीतील अंतर घटविण्यात आले व आज पुरुषांसाठी ते १६०० मीटर आहे. राज्य राखीव दलासाठी मात्र ५ किलोमीटर धावावेच लागते, आणि गावोगावच्या रस्ता-शर्यतीही बहुधा याच अंतराच्या असतात. ज्या जिल्ह्यात १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झाले आणि जेथील पथक १९३६ साली बर्लिनला जाऊन भारतीय खेळ दाखवून आले, तेथील तरुणाने अंदाजपंचे धावावे हे शोभत नाही.

शास्त्रकारांनी व्यायामाची मर्यादा अर्धशक्ती अशी सांगितली आहे. सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानात बलार्धाचे लक्षण दिले आहे, ते असे की, हृदयस्थित वायू मुखाकडे येऊ लागतो, म्हणजेच नाकाने भागत नाही व तोंडाने श्वास घ्यावा लागतो. कपाळ, नाक, काखा व सांधे येथे घाम आणि तोंडाला कोरड ही लक्षणेही सांगितली जातात. धावताना पूर्ण वाक्य बोलता येणे बंद झाले की श्रमाची एक पायरी ओलांडली, असे आजचे क्रीडावैद्यकही मानते. दोन्ही निरीक्षणे एकाच शरीराची आहेत. येथे एक भेद मात्र ध्यानात ठेवावा. शर्यत ही अर्धशक्तीने जिंकता येत नाही. ती त्या मर्यादेपलीकडेच धावली जाते. अर्धशक्तीचा नियम आहे तो नित्य सरावासाठी. आपले तरुण नेमके उलट करतात : रोज शर्यत धावतात आणि शर्यतीच्या दिवशी थकलेले असतात.

शर्यतीचा वेग कसा काढावा? मोजलेल्या सपाट मार्गावर, दोन दिवस हलका सराव ठेवून, ३ किलोमीटर पूर्ण प्रयत्नाने परंतु समगतीने धाववावे व स्टॉपवॉचने वेळ घ्यावी. अमेरिकन अभियंता पीट रीगल यांनी १९७७ साली मांडलेल्या सूत्रानुसार अंतर वाढते तशी वेळ त्याच्या १.०६ या घातांकाने वाढते. हिशोबाला सोपे म्हणजे, ३ किलोमीटरच्या वेळेला १.७२ ने गुणावे. समजा, एकाने ३ किलोमीटर १३ मिनिटांत पार केले. म्हणजे प्रतिकिलोमीटर ४ मि. २० से. सूत्राने ५ किलोमीटरची वेळ येते सुमारे २२ मि. २० से., म्हणजे प्रतिकिलोमीटर ४ मि. २८ से. चारशे मीटरच्या मैदानावर हीच गती फेरीला १ मि. ४७ से. पडते. हा आकडा तळहातावर लिहून द्यावा, तोंडी सांगितलेला राहत नाही. १६०० मीटरच्या वेळेवरूनही गणित मांडता येते, पण केवळ त्याच अंतराचा सराव असलेला मुलगा ५ किलोमीटरला ती गती टिकवू शकत नाही. म्हणून ३ किलोमीटरचीच चाचणी अधिक विश्वासार्ह समजावी.

अंतर मोजण्यात हमखास घोळ होतो. मोबाइलवरील मोजणी झाडीत व वळणांवर चुकते. सायकलच्या चाकाचा परिघ मोजून फेऱ्या गणणे ही जुनी युक्ती अधिक भरवशाची. नागपूर महामार्गाच्या कडेने मात्र कोणासही धावू देऊ नये.

वरील धावपटूने पहिला किलोमीटर ४ मि. ३२ से., मधले तीन ४ मि. २८ से. व शेवटचा ४ मि. २४ से. असा धावल्यास बेरीज बरोबर २२ मि. २० से. होते. प्रत्यक्षात घोळक्याबरोबर तो पहिला किलोमीटर ३ मि. ५० से. मध्ये काढतो आणि चौथ्यात चालू लागतो. पहिल्या किलोमीटरला 'मी फारच हळू धावतो आहे' असे वाटणे हेच योग्य गतीचे चिन्ह होय. त्याचा नित्य सराव साधारण ५ मि. ४५ से. ते ६ मि. १५ से. या गतीने, बोलता येईल असा असावा. शर्यतीच्या गतीचे तुकडे आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा पुरेत.

कालाचा विचार वऱ्हाडात विशेष हवा. ग्रंथांनी शीतकाल व वसंत व्यायामास अनुकूल मानले. परंतु आपल्याकडे चैत्रातच ऊन तापते आणि वैशाखात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. मार्गशीर्षात काढलेली गती तेव्हा वापरू नये. नवी चाचणी पहाटे घ्यावी, अन्यथा गती सोडून श्वासाच्या लक्षणावर धावावे. धावता धावता घाम थांबणे, बरळणे, तोल जाणे दिसल्यास तत्काळ सावलीत नेऊन गार पाण्याने अंग भिजवावे व रुग्णालयात न्यावे. तेथे काढ्याचा प्रयोग करू नये.

चाचणीपूर्वी तीन प्रश्न अवश्य विचारावेत : श्रमाने छातीत दुखते का, धावताना कधी शुद्ध हरपली का, घरात कोणी तरुण वयात अकस्मात गेले का. उत्तर होकारार्थी असल्यास ईसीजी व हृद्रोगतज्ज्ञांचे मत घेतल्याखेरीज प्रमाणपत्र देऊ नये. विदर्भात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. केवळ वाहक असलेला निरोगी तरुणही उष्म्यात एकदम अतिवेगाने धावल्यास पेशीनाश होऊन कोसळू शकतो. त्याला धावण्यास बंदी नाही, पण वेग हळूहळू वाढविणे व पाणी पुरेसे पिणे त्याच्यासाठी अनिवार्य ठरते. सोल्युबिलिटी चाचणी शासकीय आरोग्य केंद्रांतून करून घ्यावी.

दुकानदार बंधूंसाठी एक सूचना. कुचलायुक्त विषतिंदुक वटी, अग्नितुंडी वटी किंवा सोमलतायुक्त श्वासकल्प स्पर्धेच्या तोंडावर 'दमासाठी' देऊ नयेत. स्ट्रिक्निन आणि ठराविक मर्यादेपलीकडील एफेड्रिन ही दोन्ही स्पर्धाकालात जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या सूचीनुसार प्रतिबंधित आहेत. शिवाय अतिश्रमाने आधीच प्रकुपित झालेल्या वातावर कुचल्याची भर घालणे चिकित्सेच्या दृष्टीनेही असमर्थनीय आहे.

शर्यतीनंतर दहा मिनिटे चालणे, अंग निवल्यावर मर्दन, आणि भूक लागल्यावरच आहार. तीन-चार दिवस हलके धावून, सहा आठवड्यांनी ३ किलोमीटरची चाचणी पुन्हा घ्यावी आणि तळहातावरचा आकडा बदलावा.