पूर ओसरल्यावरचा रस्ता : खर्च कोणाचा, किती, आणि कशावर

जुलै 2018 मध्ये वसई पाण्याखाली गेली, लोकल बंद पडल्या, मिठागरातली कुटुंबं अडकून पडली. त्यानंतर महापालिकेने नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्याकडून पुराच्या कारणांचा अभ्यास करून घेतला. तेव्हापासून वसईतल्या आमच्या पापडीत पाऊस लागला की पाण्याची चर्चा होते. पाणी ओसरल्यावर रस्त्याचं जे बिल निघतं, त्याची मात्र कोणी करत नाही. ते बिल आपल्याच करातून भरलं जातं, तेव्हा ते आपल्याला वाचता यायला हवं.

आधी रस्ता कोणाच्या ताब्यात आहे ते पाहा. पापडीतला रस्ता महापालिकेचा, म्हणजे दुरुस्तीचा अर्ज प्रभाग समितीच्या बांधकाम विभागाकडे. महापालिका हद्दीबाहेरच्या गावांत ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, तर प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. अर्जात ग्रा.मा. किंवा इ.जि.मा. असा रस्त्याचा क्रमांक लिहा. तो नसला की अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो.

पुराच्या नावाने येणारा पैसा फार थोडा असतो. केंद्राच्या 2015 ते 2020 च्या निकषांत राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून ग्रामीण रस्त्याच्या दुरुस्तीला किलोमीटरमागे 60 हजार रुपये धरले होते. तीन मीटर रुंदीचा एक किलोमीटर रस्ता म्हणजे 3,000 चौरस मीटर. म्हणजे चौरस मीटरला 20 रुपये! एवढ्यात खड्डे बुजतात, रस्ता उभा राहत नाही. बाकीचा खर्च महापालिकेच्या अंदाजपत्रकातून, आमदार निधीतून, ग्रामपंचायत असेल तर 2515 या लेखाशीर्षातून काढावा लागतो. म्हणूनच जो पैसा मिळेल तो कशावर खर्च होतो, हे बघणं महत्त्वाचं.

तुंबलेलं पाणी डांबराचं जेवढं नुकसान करतं, त्याहून जास्त खालच्या थराचं करतं. पाणी उतरल्यावर रस्त्याच्या कडेला उभं राहून बघा. साइडपट्टीचा मुरूम वाहून गेलेला असतो आणि डांबराची कड अधांतरी लोंबत असते. लोखंडी सळईने वर ठोकलं तर पोकळ आवाज येतो. अशा जागी वरून नुसतं कार्पेट टाकलं तर पुढच्या पावसात ते पापुद्र्यासारखं सुटतं. तिथे खणून खडीकरण पुन्हा करणं आणि मोरी मोकळी किंवा मोठी करणं, हाच खरा खर्च आहे. आपल्याकडे वाड्यांमधली बावखलं, म्हणजे पाणी साठवणारी छोटी तळी, बुजली, गटारांवर स्लॅब पडले. पाण्याला वाट कुठे ठेवली आहे? कामाच्या अंदाजपत्रकात मोरी आणि गटाराची बाबच नसेल तर काम सुरू होण्याआधी लेखी हरकत घ्या. माझ्या मते रस्त्याची लांबी कमी करून मोरी बांधली तरी चालेल, पण मोरी सोडून लांबी वाढवणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

माल मोजता येतो. एक किलोमीटर लांब, तीन मीटर रुंद रस्त्यावर 75 मिलिमीटरचा एक खडीचा थर दाबून बसवायला साधारण 100 ब्रास खडी लागते. किती गाड्या आल्या, एका गाडीत किती ब्रास, हे एखाद्या दुकानदाराने वहीत मांडून ठेवलं तरी पुरे. दर सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत मिळतात. त्यावर 18 टक्के जीएसटी येतो, तो धरूनच रक्कम ताडून पाहा. भर पावसात गरम डांबर टाकू देऊ नका. तोवर पेव्हर ब्लॉक किंवा कोल्ड मिक्सने खड्डा भरणं ठीक, पण पक्कं काम पाऊस गेल्यावरच.

कागद मिळवायला माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो, झेरॉक्सला पानामागे 2 रुपये. अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका आणि दोषदायित्व कालावधी मागा. रस्ता त्या कालावधीत उखडला असेल तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. याच कायद्यात कामाची पाहणी करण्याचा आणि मालाचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क आहे, तो फार थोडे लोक वापरतात. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर 20 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून पहिलं अपील करा.

वाडीतली खासगी गल्ली मात्र रहिवाशांच्याच खिशातून होते. 100 मीटर लांब, तीन मीटर रुंद, 15 सेंटिमीटर जाड काँक्रीटला 45 घनमीटर माल लागतो. एम-20 प्रमाणात घनमीटरला सुमारे आठ गोणी धरल्या तर 360 गोणी सिमेंट. कोटेशन घेताना खालचं सोलिंग, पाण्याचा उतार आणि कडेचं गटार वेगवेगळं लिहून घ्या, आणि शेवटचा हप्ता पहिला मोठा पाऊस पडून पाणी कुठे साचतं ते दिसल्यावरच द्या.